कोठडीत जाऊन पाहणारी माणसं

१८ जून २०१९ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या अपील न्यायालयात तीन न्यायाधीशांसमोर एक प्रश्न आला. सीमेवर पकडलेल्या मुलांना ‘सुरक्षित आणि स्वच्छ’ जागेत ठेवू, असं अमेरिकी सरकारने फार वर्षांपूर्वी लिहून दिलं होतं. त्या ‘स्वच्छ’ शब्दात साबण येतो का? टूथब्रश येतो का? सरकारी वकिलांचं म्हणणं असं, की करारात या वस्तूंची नावं नाहीत. तेव्हा त्या दिल्या नाहीत म्हणून करार मोडला, असं म्हणता येणार नाही. मुलं सिमेंटच्या फरशीवर, पातळ ॲल्युमिनियमच्या चादरीखाली, रात्रभर जळणाऱ्या दिव्यांच्या उजेडात झोपत होती, हे कागदोपत्री न्यायालयापुढे होतंच.

न्यायाधीश वॉलेस ताशिमा यांनी सांगून टाकलं, की साबण नाही, टूथब्रश नाही, पांघरूण नाही, तर ती जागा सुरक्षितही नाही आणि स्वच्छही नाही. ताशिमा तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. १९४२ मध्ये, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर, अमेरिकेने स्वतःच्याच देशात राहणाऱ्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उचलून छावण्यांत टाकलं. त्यांत लहानगे ताशिमा होते. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या पोस्टन छावणीत त्यांच्या बालपणाची तीन वर्षं गेली. कुंपणाआड वाढलेलं एक मूल मोठं होऊन न्यायासनावर बसलं होतं, आणि त्याच्यासमोर कुंपणाआडच्या दुसऱ्या मुलांच्या साबणाची गोष्ट चालली होती. ऑगस्टमध्ये न्यायालयाने सरकारचं अपील फेटाळलं.

पण त्या दिवशी न्यायासनावर बसलेल्या न्यायाधीशांनी ती मुलं पाहिलेली नव्हती. मुलं कुठे झोपतात, काय खातात, हे न्यायालयाला कळलं ते आत जाऊन आलेल्या काही माणसांमुळे. त्या माणसांबद्दल मला सांगायचं आहे.

त्याच जून महिन्यात टेक्सासमध्ये, एल पासो शहराजवळच्या क्लिंट या गावी, वकील आणि डॉक्टरांचं एक पथक सीमा पोलिसांच्या ठाण्यावर पोहोचलं. ठाणं बांधलं होतं शंभरेक प्रौढ माणसांसाठी, तेही काही तासांपुरतं. पथकाच्या हातात आत असलेल्यांची यादी पडली तेव्हा त्यात साडेतीनशेच्या आसपास मुलांची नावं होती, काही तर अंगावर पिणाऱ्या बाळांची. कायद्याने मुलांना अशा ठाण्यावर ७२ तासांहून जास्त ठेवता येत नाही. इथे काही मुलं तीन आठवड्यांहून जास्त दिवस अडकून पडली होती.

पथकाला मुलांच्या खोल्यांत जाऊ दिलं नाही. एका बैठकीच्या खोलीत बसवलं आणि यादीतल्या नावांप्रमाणे मुलं तिथे आणली गेली. कपडे नदी ओलांडताना घातलेले तेच. डोक्यात उवा, नाकं वाहती, अंगाला वास. रोज तेच खाणं: पाकिटातलं ओट्स, गरम पाण्यात भिजवलेल्या शेवया, गोठवलेला बरिटो. दोन वर्षांचा एक आजारी मुलगा होता, त्याची पँट ओली होती, डायपर नव्हता. त्याला सांभाळत होत्या दहा ते पंधरा वर्षांच्या तीन मुली, आणि त्या त्याच्या कोणी लागत नव्हत्या. कायद्याच्या प्राध्यापिका वॉरेन बिनफर्ड या पथकात होत्या. असं काम करणारे वकील सहसा वर्तमानपत्रांशी बोलत नाहीत. जबान्या न्यायालयात दाखल करायच्या आणि वाट पाहायची, अशी रीत. बिनफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं, की इतकी वाट पाहण्याएवढा वेळ या मुलांपाशी नाही. त्या बोलल्या. बातमी जगभर गेली, आणि काही दिवसांत अडीचशेच्या घरात मुलं तिथून हलवली गेली. त्यांतली शंभरेक पुन्हा तिथेच आणली, हेही सांगितलं पाहिजे.

हे लोक आत जाऊ कसे शकले? सीमा पोलिसांनी दार उघडलं ते काही दयाबुद्धीने नव्हे. त्याच्या चौतीस वर्षं आधीच्या एका भांडणातून या पथकाला तो हक्क मिळाला होता.

१९८५ मध्ये एल साल्वादोरमधल्या यादवी युद्धातून पळून आलेली पंधरा वर्षांची जेनी लिझेट फ्लोरेस सीमेवर पकडली गेली. तिला कॅलिफोर्नियातल्या पासाडेना शहरातल्या एका जुन्या मोटेलमध्ये ठेवलं. मोटेलला काटेरी तारेचं कुंपण घातलेलं, पोहण्याचा तलाव कोरडा. शिक्षण नाही, खेळ नाही, भेटायला कोणी नाही. अनोळखी प्रौढ पुरुष-बायांबरोबर एका खोलीत राहायचं आणि कपडे उतरवून झडती द्यायची. आई अमेरिकेतच होती, पण तिच्याजवळ कागदपत्रं नव्हती. मुलीला घ्यायला गेली तर स्वतःच पकडली जाईल, ही तिची धास्ती. दुसऱ्या नातलगाच्या ताब्यात मुलगी द्यायला अधिकारी तयार नव्हते. आईबाप किंवा कायदेशीर पालकच हवेत, असा नियम. म्हणजे आईला पकडण्यासाठी लेकीला गळासारखं वापरणं झालं.

त्याच मोटेलमध्ये अभिनेते एड ॲस्नर यांच्या घरी काम करणाऱ्या बाईंची मुलगीही होती. ॲस्नर यांनी वकिलांना फोन लावला. कार्लोस होल्गीन आणि पीटर शे हे लॉस एंजलिसमधले वकील त्यातून या प्रकरणात आले आणि त्यांनी जुलै १९८५ मध्ये जेनी व तिच्यासारख्या सगळ्या मुलांच्या वतीने दावा लावला. दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९३ मध्ये तिथे मुलांची बाजू सात विरुद्ध दोन मतांनी हरली. इतकं होऊनही वकील मागे हटले नाहीत. कोठड्यांतल्या परिस्थितीचे दाव्यातले मुद्दे शिल्लक होते, आणि अखेर जानेवारी १९९७ मध्ये सरकारने तडजोड केली. ‘फ्लोरेस करार’ म्हणतात तो हा.

करारात लिहिलं आहे ते असं: मुलाला विनाकारण अडकवून ठेवायचं नाही. आधी आईबाप, मग कायदेशीर पालक, मग सज्ञान नातलग, भाऊबहीण, मावशी-आत्या, काका-मामा, आजीआजोबा, या क्रमाने कोणाच्या तरी हाती सोपवायचं. कोणीच नसेल तर मुलं सांभाळण्याचा परवाना असलेल्या संस्थेत ठेवायचं, आणि तेही कमीत कमी बंधनात. ही कलमं महत्त्वाची आहेतच. माझ्या मते सगळ्यांत दूरदृष्टीचं कलम मात्र वेगळंच आहे: मुलांच्या वकिलांना ही ठिकाणं जाऊन पाहण्याचा आणि मुलांशी बोलण्याचा हक्क. वकिलांनी नुसतं वचन घेतलं नाही, वचन पाळलं जातंय का हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची किल्लीही मागून घेतली. करार खरं तर पाच वर्षांत संपायचा होता. २००१ मध्ये ठरलं, की सरकार पक्के नियम करेपर्यंत तो चालू राहील. ते नियम कित्येक वर्षं झालेच नाहीत, आणि करार टिकून राहिला.

इथे थोडं थांबून शब्द नीट करून घेऊ. ‘निर्वासित’ म्हणजे ज्याला छळाच्या भीतीमुळे मायदेशी परतता येत नाही असं मान्य झालं आहे तो. ‘आश्रय मागणारा’ म्हणजे ज्याचा अर्ज अजून तपासला जायचा आहे तो. परवानगीशिवाय सीमा ओलांडली म्हणून अशा माणसाला शिक्षा करू नये, असं १९५१ चा निर्वासितविषयक करार कलम ३१ मध्ये सांगतो, कारण जीव वाचवून पळणारा माणूस व्हिसाच्या रांगेत उभा राहू शकत नाही. त्याला ज्या कोठडीत ठेवतात ती तुरुंगासारखी दिसते, पण कायद्याच्या लेखी तुरुंग नसते. गुन्हा शाबीत झालेला नसतो, शिक्षा सुनावलेली नसते. जन्मठेपेखेरीज इतर शिक्षा झालेल्या कैद्याला सुटकेची तारीख माहीत असते. या माणसाला नसते. मोठ्या माणसाचंही मन याने खचतं. चार वर्षांच्या मुलाला तर ‘उद्या’ म्हणजे काय हेच नीट कळत नसतं, त्याला ‘सुनावणी होईपर्यंत’ कसं समजावणार?

मुलांवर काय परिणाम होतो, हे आता अंदाजाचं राहिलेलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने गिलियन ट्रिग्ज अध्यक्ष असताना २०१४ मध्ये तिथल्या स्थानबद्धता केंद्रांतल्या मुलांची मोठी चौकशी केली. तपासलेल्या मुलांपैकी ३४ टक्के मुलांना मध्यम ते तीव्र मानसिक विकार होता. बाहेरच्या ऑस्ट्रेलियन मुलांत हे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी. आयोगाच्या माणसांनी मुलांना कागद-रंग दिले. त्या चित्रांत गज होते, जाळ्या होत्या, गजांमागे रडणारे चेहरे होते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनेने २०१७ मध्ये जाहीर केलं, की स्थानबद्धतेचा कितीही थोडा काळ मुलांसाठी निर्धोक असतो असा कोणताही पुरावा नाही. अंथरूण ओलं करणं, बोलणं बंद होणं, शिकलेलं विसरून पुन्हा बाळासारखं वागणं, आईला क्षणभरही न सोडणं, ही लक्षणं डॉक्टरांनी वेगवेगळ्या देशांत पाहिली.

आत जाऊन पाहणं ही एक विद्या आहे, आणि तिची कूळकथा ऐकण्यासारखी आहे. युद्धकैद्यांना भेटून त्यांची स्थिती पाहण्याचं काम रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती फार काळापासून करत आली. जाँ-जाक गोतिए या जिनिव्हाच्या गृहस्थांना वाटलं, की युद्धकैद्यांसाठी जे चालतं ते शांततेच्या काळातल्या कोठड्यांसाठी का नको? छळाची तक्रार आल्यावर चौकशी करण्यापेक्षा कोणीतरी कधीही येऊन पाहू शकतो, हा धाकच छळ थांबवेल, हा त्यांचा विचार. १९७७ मध्ये त्यांनी त्यासाठी संस्था काढली. आधी युरोपने या कल्पनेवर करार केला, मग २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी छळविरोधी कराराला जोडपत्र मंजूर केलं. ते २००६ पासून लागू आहे. त्यावर सही करून ते मंजूर करणाऱ्या प्रत्येक देशाने आपल्याच देशात एक स्वतंत्र मंडळ नेमायचं, आणि त्या मंडळाला कोणत्याही कोठडीत, पूर्वसूचना न देता, जाऊ द्यायचं. नव्वदहून अधिक देशांनी हे मान्य केलं आहे. अमेरिका त्यात नाही, भारतही नाही.

या भेटी कशा करायच्या याची एक पुस्तिका संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने दोन सहकारी संस्थांबरोबर २०१४ मध्ये काढली. अशा पुस्तिकांत आणि या कामात मुरलेल्यांच्या सांगण्यात काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. एकट्याने जायचं नाही. बरोबर डॉक्टर हवा, मुलांची भाषा बोलणारा दुभाषी हवा, आणि तो तिथल्या कर्मचाऱ्यांपैकी नको. अधिकाऱ्याच्या खोलीत चहा घेत बसलं तर अर्धा दिवस तिथेच जातो. म्हणून आधी सगळी जागा फिरून पाहायची, संडासापासून स्वयंपाकघरापर्यंत. नळ सोडून पाहायचा. रात्री जायचं, सुटीच्या दिवशी जायचं. नोंदवही मागायची: कोण कधी आला, त्याचं वय काय लिहिलं, किती दिवस झाले. कारण वय चुकीचं लिहिलं की सोळा वर्षांचा पोरगा प्रौढांच्या कोठडीत जातो, आणि ते नोंदवहीतच सापडतं. जे ऐकलं ते दोन-तीन ठिकाणी पडताळून पाहायचं. आणि पुन्हा जायचं, कारण भेट ठरली की भिंतींना रंग लागतो. तो रंग पुढच्या महिन्यात कसा दिसतो, हे पाहणारा खरा पाहणारा.

मुलांच्या बाबतीत आणखी काळजी. त्यांच्या उंचीवर येऊन बोलायचं, फरशीवर बसावं लागलं तर बसायचं. प्रवासात काय सोसलं ते सगळं पुन्हा वदवून घ्यायचं नाही. काल काय जेवलास, रात्री कुठे झोपतोस, दुखलं तर कोणाला सांगतोस, आईशी शेवटचं कधी बोललास, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. पाळता येणार नाही असं वचन द्यायचं नाही. ‘तुला बाहेर काढतो’ हे शब्द तोंडावर आले तरी गिळायचे. आणि बोलल्याबद्दल मुलाला पाहणारा गेल्यावर त्रास होणार नाही, याची खातरजमा करायची. या कामातलं पहिलं सूत्र हेच, की आपल्या जाण्याने कोणाचं वाईट होता कामा नये.

फ्लोरेसच्या वकिलांनी वर्षानुवर्षं हेच केलं. मुलांची जबानी मुलांच्याच शब्दांत लिहायची, त्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायची, सही घ्यायची, न्यायालयात द्यायची. असे शेकडो कागद साठले. जून २०१९ मध्ये साबणाचा प्रश्न न्यायालयापर्यंत पोहोचला तो या कागदांच्या जोरावर.

पण नुसतं पाहून भागतं का? नाही. याचा सगळ्यांत बोचरा पुरावा म्हणजे सरकारनेच नेमलेल्या डॉक्टरांचा अनुभव. टेक्सासच्या टेलर गावी २००६ मध्ये एका जुन्या तुरुंगात कुटुंबं ठेवायला सुरुवात झाली होती. मुलांना तुरुंगाचे कपडे, दिवसातून कित्येकदा गणती. नागरी हक्क संघटनांनी दावा लावल्यावर तिथली स्थिती सुधारावी लागली आणि २००९ मध्ये सरकारने तिथे कुटुंबं ठेवणं बंद केलं. पण २०१४ मध्ये मध्य अमेरिकेतून येणाऱ्या आया-मुलांची संख्या वाढली, आणि कार्न्स व डिली या गावांत नवी कुटुंब-केंद्रं उघडली. डिलीचं तर २,४०० जणांसाठीचं. स्कॉट ॲलन आणि पामेला मॅकफर्सन हे दोन डॉक्टर गृहसुरक्षा खात्याच्या नागरी हक्क कार्यालयासाठी ही केंद्रं तपासत होते. चार वर्षांत त्यांनी दहा तपासण्या केल्या, अहवाल दिले. एक तान्हं मूल जुलाबाने दहा दिवसांत जवळजवळ एक-तृतीयांश वजन गमावून बसलं, तरी त्याला वेळेवर मोठ्या दवाखान्यात नेलं नव्हतं. मुलांना प्रौढांच्या मात्रेत लस टोचली गेली होती. एक केंद्र आधी प्रौढ पुरुषांसाठीचं असल्याने त्याचे जड लोखंडी दरवाजे आपोआप मिटायचे, आणि त्यांत मुलांची बोटं सापडून मोडायची.

डॉक्टरांनी हे खात्याच्या आत वारंवार सांगितलं. जुलै २०१८ मध्ये, सरकार आणखी हजारो कुटुंबांना कोंडण्याच्या बेतात असताना, त्यांनी सिनेटला पत्र लिहून सगळं उघड केलं. नोकरीवर पाणी सोडण्याची तयारी ठेवूनच असं पत्र लिहिलं जातं. त्यांच्या पत्राचं सार एवढंच होतं, की दोष दरवाजात किंवा लसीच्या मात्रेत नाही, मुलांना कोंडण्यातच आहे. सुधारलेली कोठडी ही कोठडीच. अहवाल लिहिणाऱ्या प्रत्येकाला केव्हातरी या ठिकाणी यावं लागतं. पंखा लावा, गादी द्या, पुस्तकं ठेवा, असं लिहिताना आपण ही जागा चालू ठेवायला मदत तर करत नाही ना, हा विचार त्याला सोडत नाही.

त्याच वर्षी, २०१८ मध्ये, सरकारने फ्लोरेस करारालाच ढाल केलं. झालं होतं असं: २०१५ मध्ये न्यायाधीश डॉली जी यांनी निर्णय दिला होता, की आईबापांबरोबर आलेल्या मुलांनाही करार लागू आहे, आणि त्यांनाही लवकर सोडलं पाहिजे. पुढे ‘२० दिवस’ हा आकडा रूढ झाला. तो १९९७ च्या करारात कुठेच नाही. गर्दीच्या काळात तपासणीला सरासरी एवढे दिवस लागतात असं सरकारनेच सांगितलं होतं, त्यावरून तो आला. २०१८ मध्ये सरकार म्हणालं, मुलांना २० दिवसांवर ठेवता येत नाही आणि आईबापांना तर सोडायचं नाही, मग मुलं वेगळी करावीच लागतील. हजारो मुलं आईबापांच्या कुशीतून काढली गेली. कोण कोणाचं मूल हे लिहून ठेवण्याची नीट व्यवस्थाही नव्हती. पण तिसरी वाट पहिल्यापासून खुली होती: दोघांनाही सोडा, आणि तारखेला बोलवा. त्या उन्हाळ्यात न्यायाधीश डेना सब्रॉ यांनी कुटुंबं पुन्हा जोडून देण्याचा हुकूम दिला. काही कुटुंबांना त्यानंतरही एकत्र यायला वर्षं लागली.

सोडून दिलं तर लोक पळून जातील, ही शंका मी आपल्याकडेही अनेकांकडून ऐकली आहे, आणि ती गैर नाही. तिचं उत्तर अमेरिकेनेच शोधून ठेवलं होतं. २०१६ मध्ये तिथे कुटुंबांसाठी एक कार्यक्रम सुरू झाला. सुमारे साडेनऊशे कुटुंबांना घरी राहू दिलं, प्रत्येकाला एक समाजसेवक दिला. तो तारखा आठवण करून द्यायचा, वकील शोधायला मदत करायचा, मुलांना शाळेत घालायचा. अधिकाऱ्यांपुढे ठरलेल्या दिवशी हजर राहण्याचं प्रमाण ९९ टक्के निघालं. खर्च एका कुटुंबामागे दिवसाला ४० डॉलरहून कमी. कुटुंब-केंद्रात एका माणसामागे दिवसाला सुमारे ३०० डॉलर लागत. २०१७ मध्ये हा कार्यक्रम बंद केला गेला. या साऱ्या प्रकरणातला मला सगळ्यांत न उमगणारा निर्णय हा.

कोंडण्याऐवजी दुसरी वाट बेल्जियमनेही काढली. तिथे एका मुलीमुळे धोरण हललं. २००२ मध्ये काँगोची पाच वर्षांची मुलगी काकांबरोबर ब्रसेल्सच्या विमानतळावर उतरली. तिला कॅनडात आईकडे जायचं होतं, आई तिथे मान्यताप्राप्त निर्वासित होती. कागद पुरेसे नव्हते. मुलीला दोन महिने प्रौढांच्या केंद्रात एकटीला ठेवलं आणि मग एकटीलाच विमानात बसवून किन्शासाला परत धाडलं. तिथे तिला न्यायला घरचं कोणी आलेलं नव्हतं. २००६ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ही वागणूक अमानुष ठरवली. २००८ पासून बेल्जियमने मुलं असलेल्या कुटुंबांना कुलूपबंद केंद्राऐवजी साध्या घरांत, मार्गदर्शकाच्या सोबतीने ठेवायला सुरुवात केली.

बालहक्कांच्या १९८९ च्या कराराने मुलाला कोंडणं हा ‘अखेरचा उपाय’ म्हटलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समित्या २०१७ मध्ये त्यापुढे गेल्या: केवळ स्थलांतराच्या कारणावरून मुलाला कोंडणं कधीच मुलाच्या हिताचं नसतं, ते बंदच व्हावं. हा बालहक्क करार मंजूर न करणारा संयुक्त राष्ट्रांचा एकमेव सदस्य देश अमेरिका आहे. मानफ्रेड नोवाक यांनी संयुक्त राष्ट्रांसाठी २०१९ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार जगात दरवर्षी किमान ३,३०,००० मुलं स्थलांतराच्या कारणावरून कोंडली जातात.

अमेरिकेत पाहणाऱ्यांवरच आता गदा आली आहे. मार्च २०२५ मध्ये गृहसुरक्षा खात्याच्या त्याच नागरी हक्क कार्यालयातले जवळजवळ सगळे कर्मचारी कमी करण्याचा निर्णय झाला, ज्या कार्यालयासाठी ॲलन आणि मॅकफर्सन काम करत. मध्यंतरी बंद झालेलं डिलीचं केंद्र पुन्हा उघडलं. मे महिन्यात सरकारने फ्लोरेस करार संपवण्याचा अर्ज केला. ऑगस्टमध्ये न्यायाधीश जी यांनी तो नाकारला. न्यायालयाच्या वतीने पाहण्याचं काम अलीकडच्या वर्षांत स्टॅनफर्डचे बालरोगतज्ज्ञ पॉल वाइज यांनी केलं. मे २०२३ मध्ये टेक्सासच्या हार्लिंजन गावी सीमा पोलिसांच्या ताब्यात आठ वर्षांची एक मुलगी वारली. तिला जन्मापासून हृदयाचा विकार होता, आणि आई पुन्हा पुन्हा मदत मागत होती. हा मृत्यू टाळता आला असता, असं वाइज यांनी न्यायालयाला लिहून कळवलं.

आपल्याकडे याची चर्चा फार थोडी होते. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. आश्रय मागणारा माणूस आपल्या कायद्यात नुसता ‘परदेशी’ असतो. २०१८ मध्ये हर्ष मंदर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे विशेष निरीक्षक म्हणून आसाममधल्या तुरुंगांतल्या स्थानबद्धता केंद्रांत गेले. सहा वर्षांवरचे मुलगे आयांपासून वेगळे ठेवलेले त्यांनी पाहिले. अहवालावर काहीच हाललं नाही, तेव्हा त्यांनी पद सोडलं आणि सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढे गोलपारा जिल्ह्यात मटिया इथे ३,००० जणांसाठी वेगळं केंद्र उभं राहिलं. २०२३ पासून तिथे लोक ठेवले जातात, त्यांत रोहिंग्या कुटुंबंही आहेत. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठासमोर आसामच्या विधी सेवा प्राधिकरणाचा अहवाल आला: पाणी पुरेसं नाही, संडास धड नाहीत. खंडपीठाने या दुरवस्थेबद्दल तीव्र नाराजी नोंदवली, आणि नंतर पूर्वसूचना न देता भेटी द्यायला प्राधिकरणाला सांगितलं.

असं विधी सेवा प्राधिकरण आपल्याकडे प्रत्येक जिल्ह्यात आहे, आणि त्याच्या यादीत वकील आहेत. महाराष्ट्रातल्या वकिलांना, बालरोगतज्ज्ञांना, समाजकार्य शिकणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे: आपल्या जिल्ह्यात परदेशी ठरवलेल्या माणसांना कुठे ठेवतात, तिथे मुलं आहेत का, हे विचारा आणि भेटीसाठी लेखी अर्ज करा. छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. फ्लोरेस करार झाला तेच हे वर्ष. ती सही अजून मंजुरीची वाट पाहते आहे. आपल्या खासदाराला पत्र लिहून त्याबद्दल विचारा.